डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र

मुलांनो, नकाशावही जवळ घ्या आणि युरोपचं पान उघडा. फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, इटलीच्या हद्दीजवळ, भूमध्य समुद्राच्या काठावर नीस नावाचं शहर सापडतंय का? तिथून पूर्वेला बोट सरकवा. अगदी हद्दीला टेकलेलं गाव म्हणजे मांतों. या दोन गावांमध्ये रस्त्याने अंतर आहे जेमतेम ३० किलोमीटर. आज आपण इथली एक दिवसाची सायकल सहल आखू या. सध्या कागदावरच बरं का! तिकिटाचं आईबाबांशी नंतर बोला.

"३० किलोमीटर? दोन तासांत उरकेल!" असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणालंच असेल. सपाटीवर खरं आहे ते. पण इथे आल्प्स पर्वत थेट समुद्रात उतरतो. आपल्या कोकणात सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये निदान पट्टी तरी आहे. इथे घराच्या पुढच्या दारात समुद्र आणि मागच्या दारात कडा. म्हणून अशा किनाऱ्यावर आधी चढ मोजायचा, किलोमीटर मागाहून.

तो कसा मोजायचा? समोच्चतादर्शक रेषा शाळेत शिकलात ना, त्या इथे कामाला येतात. दोन रेषांमध्ये १० मीटरचा फरक असेल आणि चढताना तुमच्या रस्त्याने ५० रेषा ओलांडल्या, तर तुम्ही ५०० मीटर चढलात. बोरघाटात खोपोलीहून खंडाळ्याला जाताना साधारण एवढीच उंची चढावी लागते.

नीसहून मांतोंकडे जायला एकावर एक असे तीन रस्ते आहेत. फ्रेंच लोक त्यांना कॉर्निश म्हणतात. सगळ्यात खालचा बास कॉर्निश, समुद्राला चिकटून व्हिलफ्रांश आणि मोनॅको यांमधून जाणारा. मोनॅको म्हणजे सुमारे २ चौरस किलोमीटरचा चिमुकला देश! मधला म्वायेन कॉर्निश, कड्यावर वसलेल्या एझ या जुन्या गावाजवळून जाणारा. आणि सगळ्यात वरचा ग्रांद कॉर्निश. तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपोलियनच्या हुकमाने बांधला गेला, आणि त्याच्याही आधी जवळपास त्याच वाटेने रोमन लोकांचा रस्ता जात होता.

समजा, आपल्या चमूत बारा वर्षांची एक मुलगी आहे आणि पन्नाशीचे तिचे बाबा आहेत. कोणता रस्ता घ्याल? पटकन उत्तर येतं, खालचा. चढ कमी, समुद्र शेजारी. पण खालच्या रस्त्यावर मोटारी आणि बसगाड्यांची रीघ असते, रस्ता अरुंद, वर गावांतली गर्दी. माझं मत विचाराल तर मी वरचा घेईन. दमणं परवडतं, विश्रांती घेता येते. बाजूने घासून जाणाऱ्या मोटारीला मात्र इलाज नाही.

नीसहून ग्रांद कॉर्निशने एझच्या खिंडीपर्यंत सुमारे १० किलोमीटर चढ आहे. खिंडीची उंची ५०७ मीटर. म्हणजे दर २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ताशी ७ किलोमीटर वेग धरला तर दीड तास लागेल, थांबे वेगळे. मार्च महिन्यात होणाऱ्या पॅरिस-नीस या शर्यतीत मोठमोठे सायकलपटू याच खिंडीवर एकमेकांना दमवत आले आहेत. आयर्लंडच्या शॉन केली यांनी ही शर्यत १९८२ ते १९८८ अशी लागोपाठ सात वेळा जिंकली! आपल्याला शर्यत लावायची नाही. सगळ्यांत मागे असेल त्याच्या वेगाने सगळे जाणार.

अशा चढाला गिअरची सायकल हवी. पुढच्या चक्रीला ३४ दाते आणि मागच्या चक्रीलाही ३४ असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरतं. आपल्या साध्या सायकलचं चाक तेवढ्यात दोनाहून जास्त वेळा फिरतं, म्हणून तर घाटात पाय भरून येतात.

आता एक गंमत. फ्रान्समध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. नीसहून मांतोंला जाताना तोंड पूर्वेला, म्हणून दक्षिणेचा समुद्र उजव्या हाताला. म्हणजे आपण अगदी समुद्राच्या बाजूने! उलट मांतोंहून निघालात तर डोंगराकडेच्या बाजूने जावं लागेल आणि समुद्र बघायला मान रस्त्यापलीकडे वळवावी लागेल. आता कोकणाचं गणित तुम्ही करा. आपण डावीकडून चालवतो आणि समुद्र आहे पश्चिमेला. बरोबर, दक्षिणेहून उत्तरेकडे!

महिना कोणता? आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर येतो. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस मुख्यतः शरद ऋतूत व हिवाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक आणि सुट्टीची झुंबड. मे महिना उत्तम. सकाळी लवकर निघायचं, प्रत्येकाकडे पाण्याच्या दोन बाटल्या, जादा ट्यूब, पंप आणि बोगद्यांसाठी पुढचा-मागचा दिवा. हेल्मेट सगळ्यांनाच. फ्रान्समध्ये २०१७ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना ते सक्तीचं आहे, पण बाबांचं डोकं काही लोखंडाचं नाही!

खिंडीनंतर ला तुर्बी हे गाव लागतं. इथे सम्राट ऑगस्टसचं विजयस्मारक आहे, इसवी सनापूर्वी ६ च्या सुमाराचं. आल्प्समधल्या हरवलेल्या ४५ टोळ्यांची नावं त्याच्यावर कोरली होती. सावलीत बसून डबा खा, आणि इथेच एक विचार करा. कुणाचे पाय दुखतायत? कुणाच्या सायकलीचा ब्रेक कुरकुरतोय? तसं असेल तर इथून एक रस्ता खाली समुद्राकडे उतरतो. खाली किनाऱ्याने रेल्वे जाते, तिचं स्टेशन गाठायचं. सहल आखताना अशी मधूनच परतण्याची वाट नकाशावर आधी लाल पेन्सिलीने काढून ठेवावी. घरी राहिलेल्या आईलाही तो कागद दाखवावा.

पुढे रोकब्रूनवरून मांतोंपर्यंत उतार आहे. चढात फार तर दम लागतो. पडझड होते ती उतारात. वळणाच्या आत ब्रेक दाबायचा नाही, वळणाआधीच वेग कमी करायचा. दोन्ही ब्रेक वापरायचे. पुढच्या सायकलीपासून चांगलं अंतर ठेवायचं. आणि समुद्र बघायचा असेल तर? थांबून बघायचा!

मांतों लिंबांसाठी प्रसिद्ध आहे. फेब्रुवारीत तिथे लिंबांचा उत्सवच भरतो. या समुद्राला भरती-ओहोटी नावालाच. मुंबईला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, इथे काही सेंटिमीटर. म्हणून खुशाल पाण्याच्या काठाशी चपला काढून ठेवा. पाय बुडवून झाले की सायकली घेऊन स्टेशनवर चला. नीसकडे जाणाऱ्या गाडीत डाव्या खिडकीशी बसायचं. समुद्र त्याच बाजूला आहे.