चेहऱ्याचा हक्क

गौतम राजाध्यक्षांनी सिनेतारकांचे चेहरे टिपले. १९९७ साली त्यांचे 'फेसेस' हे पुस्तक आले. ताऱ्यांच्या घरात, मेकअपच्या खोलीत छायाचित्रकाराला प्रवेश मिळतो तो विश्वासावर. कोणता फोटो बाहेर जावा, यात ताऱ्याचाही शब्द चालतो.

सुधारक ओलवे कॅमेरा घेऊन मुंबईच्या सफाई कामगारांसोबत गटारापर्यंत गेले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शहराच्या पडद्यामागे तेही गेले, पण माणूस म्हणून.

आम्ही जालना जिल्ह्यातल्या वस्त्यांत काम करतो. इथे धान्याचे किट हातात देताना फोटो निघतो. त्या माउलीला कुणी विचारत नाही, फोटो दाखवतही नाही. ताऱ्याची संमती घ्यायची आणि गरिबाचा पुरावा, हा भेद कुठून आला? संविधानाच्या उद्देशिकेत 'व्यक्तीची प्रतिष्ठा' आहे. ती फोटोतल्या माणसालाही लागू आहे. आधी विचारा, मगच बटण दाबा.

जय भीम.