६१८.७५

तपास अधिकाऱ्यानं टेबलावर तीन रजिस्टरं ठेवली आणि विचारलं, "साहेब, यातलं खोटं कोणतं?"

मी चष्मा पुसला. लाज वाटते, पण सांगतो: मला आनंद झाला होता. जिन्याचा स्लॅब कोसळून माणसं गेली होती, त्याच टेबलावर पंचनामा पडला होता, आणि मी मनातून खूश. निवृत्तीनंतर चार वर्षांनी कुणीतरी मला काँक्रीटच्या क्यूबचं चाचणी रजिस्टर वाचायला बोलावलं होतं.

दुसऱ्या रजिस्टरवर थांबलो. एम-२५, अठ्ठावीस दिवस, ताकद २७.५०, लोड ६१८.७५ किलोन्यूटन. बोट तिथंच ठेवलं. त्या लॅबच्या मशीनला जुना डायल आहे, दर पाच किलोन्यूटनला एक रेघ. काटा रेघेवर थांबला आणि ताकद काढायला लोडला २२.५ नं भागलं, की दशांश चिन्हापुढं नऊच जोड्या येऊ शकतात: ००, ११, २२, ३३, ४४, ५६, ६७, ७८, ८९. पन्नास येत नाही. दोन रेघांच्या मधला अंदाज धरला तरी ६१८ लिहील माणूस. त्यापुढचा पाऊण किलोन्यूटन कुणाच्या डोळ्याला दिसला? या पठ्ठ्यानं आधी ताकद लिहिली आणि मग २२.५ नं गुणलं. क्यूब कागदावरच फोडला.

शिवाय सगळे क्यूब बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी फुटलेले. वर्षभरात एकही सुट्टी आडवी आली नाही, विसर्जनाच्या दिवशीही लॅब उघडी. खऱ्या रजिस्टरात एकोणतीस दिसतात, तीस दिसतात, तीन क्यूबांतला एखादा रुसलेला असतो.

अधिकारी भराभर लिहून घेत होता. "निष्काळजीपणा ठरला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत," तो म्हणाला. "माहीत असून केलं असेल, तर १०५ बघावं लागेल. आधी ताकद, मग लोड, असंच म्हणालात ना?" एका गुणाकारावर माणसाचं कलम बदलू शकतं, हे मला तेव्हा जाणवायला हवं होतं. मी मात्र विसर्जनाचा मुद्दा त्याला दुसऱ्यांदा समजावत होतो.

दुसऱ्याच्या चुका काढायची ही हौस जुनी. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला आणि सात जीव गेले. आधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटात तो किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता; पुढं ऑडिटरला अटक झाली. तेव्हापासून चार मित्र जमले की मी एकूण ऑडिटवाल्या जमातीवर तोंडसुख घेत आलोय. फोटो काढतात, हातोडीनं ठोकून बघत नाहीत. आता तर साईटवरही टॅबवर चेकलिस्ट. कव्हर 'ठीक', सेंट्रिंग 'ठीक', एकदा बोट चाललं की खालपर्यंत सगळं ठीक. आमच्या वेळी असं नव्हतं, हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय त्याचं रजिस्टर नाही, हे बरंच.

आमच्या वेळी काय होतं? क्यूबचा माल वेगळा असायचा. मिस्त्री मोल्ड भरताना थोडं सिमेंट जास्त घालायचा आणि म्हणायचा, "साहेब, पास होणार बघा." काटा खरा, रेघ खरी, भागाकार खरा, फक्त तो क्यूब त्या स्लॅबचा नव्हे. माझी नऊ जोड्यांची चाळणी तिथं काही कामाची नाही. हे मी अधिकाऱ्याला सांगितलं, पण शेवटी, उठता उठता.

तेवढ्यात त्यानं विचारलं, "हे दुसरं रजिस्टर लिहिणारा मुलगा तुमच्या हाताखाली होता ना?"

होता. दोन पावसाळे. हुशार, पण अक्षर कोंबडीच्या पायांचं. मीच त्याला वळण लावलं. साईटवर चिटोऱ्यावर लिहायचं, शनिवारी एका पेनानं रजिस्टरात उतरवायचं, खाडाखोड नको. वरचे साहेब रजिस्टर उघडतात तेव्हा पान देखणं दिसलं पाहिजे. तो मान डोलवायचा, "हो सर."

"तेव्हा बरोबर लिहायचा? ती चिटोरी असतील कुठं?"

चिटोरी मी फाडून टाकायला लावायचो.

घरी आलो. माझ्या एका जुन्या कामाच्या रजिस्टरची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे. कशासाठी, तर अक्षरासाठी. पाहुण्यांनाही दाखवली आहे. तीन क्यूब, एक शाई, एक तिरपेपणा, सगळं त्या दुसऱ्या रजिस्टरासारखं. लोडचा रकाना मी ठेवतच नसे. पानावर गर्दी होते म्हणून. चौथ्या पानावर, माझ्या हातचं, सुबक: २७.५.

कॅल्क्युलेटर काढला. गुणिले २२.५.

काटा ६२० वर असणार. आले असतील २७.५६, आणि मी शेवटचा सहा दिसायला बरा नाही म्हणून सोडला असेल. सोडलाच असेल. चिटोऱ्यावर होतं.