धारेच्या मागे लागून

मी घडवलेली पहिली सुरी आजही दिसायला सुंदर आहे. बांधकामातून उरलेली सळई कोळशावर तापवली, ठोकून चपटी केली, कानशीने घासली आणि पॉलिश पेपरने चेहरा दिसेल इतकी चमकवली. धारही छान आली. बांबूवर पहिला घाव घातला आणि ती धार वळली. ठोकण्यात चूक नव्हती, लोखंडच चुकीचं होतं. सळईत कार्बन असतो जेमतेम पाव टक्का; तिला कितीही पाणी दिलं तरी ती कडक होत नाही.

मग ट्रकच्या कमानीचा पाटा आणला. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात लोहार याच पाट्यातून विळे, कुऱ्हाडी काढतात. लहानपणापासून ते पाहत होतो, तरी कुणाला विचारायला गेलो नाही. भर उन्हात भट्टी लावली, पातं पिवळंजर्द केलं आणि थेट गार पाण्यात बुडवलं. टण्णकन आवाज झाला. मधोमध चीर.

ते चिरलेलं पातं घेऊन चिखलीच्या बाजारात बसणाऱ्या एका लोहारबाबांकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. "उन्हात रंग कसा समजन रे बापू तुले? सावलीत बसा लागते." उजेडात लाली फिकी दिसते, म्हणून आपण तापवत राहतो आणि लोखंड हाताबाहेर जातं. तेव्हापासून सावलीत बसतो आणि जवळ चुंबक ठेवतो. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं वर नेऊन गरम तेलात बुडवायचं.

पण त्यापुढची पायरी मी गाळत होतो. कडक झालेलं पातं पुन्हा मंद तापवून त्याचा ताठा उतरवावा लागतो. कापायच्या सुरीला २०० अंशांच्या आसपास, फेकायच्या सुरीला त्याहून बरंच जास्त, निळसर झाक येईपर्यंत. एवढ्या मेहनतीची धार नरम पडेल या भीतीने मी ते करतच नव्हतो.

सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवात दांडपट्टा पाहून आलो होतो आणि सुरी फेकायचं वेड डोक्यात बसलं होतं. बांधावरच्या उभ्या निंबावरच सराव चालायचा. जिवंत झाडाला जखमा केल्या, हे तर वाईटच. शिवाय गोल खोडावरून सुरी सटकते, उलटून येते. ताठा न उतरवलेली माझी सुरी खोडावर आडवी आदळली, टोक तुटलं आणि तुकडा बाजूला उभ्या पुतण्याच्या कानाजवळून गेला. वहिनी मला काही बोलल्या नाहीत. पोराला उचलून आत घेऊन गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस मी सुरीला हात लावला नाही.

फेकायच्या सुरीला बाजूची धार लागतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. टोक आणि वजन पुरेसं असतं. आता मऊ लाकडाचा आडवा कापलेला ओंडका, त्याची रेषांची नव्हे तर वर्तुळांची बाजू समोर, मागे मातीची भिंत, आणि आसपास कुणी असेल तर सराव बंद.

जुनी हत्यारं जमवण्यातही मी धारेलाच भुललो. भंगारातून एक जुना खंजीर मिळाला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घर-शेती-उद्योगासाठी नसलेली हत्यारं शस्त्रांत मोडतात. घेताना तेही मोजलं नव्हतं. पातं लहान निघालं, एवढंच. घरी येताच मूठ आणि पातं दोन्ही पॉलिश पेपरने लख्ख केली. गंजासोबत मुठीवरची चांदीच्या तारेची वेलही निघून गेली. नुसतं तेल लावून मऊ कापडाने पुसायला हवं होतं.

पुढे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहिले. पक्षी, घोडे, माणसं, काय काय आकार! त्यातला एकही धारेसाठी जपलेला नाही. तिथून परतल्यावर खंजीर घेऊन खामगावच्या एका चांदी कारागिराकडे गेलो. तार पुन्हा बसवून देतो, म्हणाला, फक्त जुनी वेल कुठून कुठे गेली होती तेवढं दाखवा. घासण्याआधी मी तिचा साधा फोटोही काढला नव्हता.