रायवळ सफरचंद

फळवाल्याच्या गाडीवर टणक, हिरव्यागार सफरचंदांना एक इवलंसं स्टिकर असतं: ‘ग्रॅनी स्मिथ’. म्हणजे स्मिथ आजी. आपल्या हापूसला अफोन्सो नावाच्या पोर्तुगीज सेनानीचं नाव चिकटलं. या फळाच्या वाट्याला आजी आली. ही आजी खरीखुरी होती. मारिया ॲन स्मिथ, सिडनीजवळच्या ईस्टवूडची. तिच्याकडे ओढ्याकाठी टाकलेल्या फळांच्या कचऱ्यातून एक रोप उगवलं, असं सांगतात. 1868 मध्ये तिने ते ओळखीच्या बागायतदारांना दाखवलं आणि 1870 मध्ये ती वारली. इंग्लंडचं लाडकं ‘कॉक्स’ तसंच: रिचर्ड कॉक्स नावाच्या निवृत्त बिअरवाल्याने कोलनब्रुकच्या आपल्या बागेत हौसेने बिया पेरल्या, त्यातलं ते एक. नामवंत सफरचंदं अशी उकिरड्यावर नि परसात जन्मावीत यात योगायोग कमी आणि कारण जास्त आहे, असं मला वाटतं.

कारण कोकणातल्या माणसाला फोडून सांगावं लागणार नाही. कोयीपासून वाढलेला आंबा रायवळ. तो आईवर जाईल याची हमी नाही. सफरचंद तर जन्मजात रायवळ. त्याच्या फुलाला सहसा स्वतःचा पराग चालत नाही, शेजारच्या वेगळ्या जातीचा लागतो. त्यामुळे एकाच फळातल्या पाच बियांची पाच झाडं पाच तऱ्हांची निघतात, आणि बहुतेक आंबटढाण. हवी ती जात टिकवायची तर कलमच बांधायला हवं. पण नवी जात यायची तर कुणीतरी बी पेरून पाच-दहा वर्षं वाट बघावी लागते. ज्याच्या डोक्यावर बागेचं कर्ज आहे तो इतकी वर्षं अनोळखी झाडाला जागा देईल कशाला? परसाला मात्र हिशेब नसतो. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावी 1809 मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने बिया रुजवल्या. त्यातलं एक रोप घरामागच्या बागेत लागलं, ती लग्न होऊन गेली, झाड वाढत राहिलं. 1846 मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर हा रोपवाटिकेचा पोरसवदा मुलगा कलमासाठी काड्या मागायला आला, तेव्हा ब्रॅम्लीने अट घातली की नाव माझंच लागलं पाहिजे. लागलं. जिने बी पेरलं ती मेरी ॲन 1852 मध्येच वारली होती. आपल्या झाडाचं पुढे काय होणार याची तिला कल्पनाही नव्हती. पुढे 1900 च्या सुमारास वादळात ते झाड आडवं झालं आणि जमिनीला टेकलेल्या खोडातूनच पुन्हा उभं राहिलं. जगातलं प्रत्येक ब्रॅम्ली, कितीही कलमांनंतर, त्याच एका झाडाचा तुकडा आहे. ही नावाची भानगड मला मात्र अजून खटकते.

कुणी म्हणेल, ही जुन्या काळची गंमत. आता जाती संशोधन केंद्रांत होतात. खरं आहे. ‘फुजी’ जपानच्या केंद्रातली, 1962 मध्ये बाहेर आली. ‘हनीक्रिस्प’ मिनेसोटा विद्यापीठाची, 1991 ची. पण फुजीची एक जनक जात ‘रेड डिलिशस’, आणि ती आयोवातल्या जेसी हायटच्या शेतात आपसूक उगवली होती. त्याने कापली तरी पुन्हा फुटली, असं सांगतात. प्रयोगशाळा पत्ते पिसते. पण हुकमाची पानं बऱ्याचदा परसातून आलेली असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जिंकलेल्यांचीच गोष्ट सांगता, हजारो बिटक्यांचं काय? तर आंबट फळ बाजारात वाया जातं, घरात जात नाही. ब्रॅम्ली स्वतःच इतकं आंबट की कच्चं खाववत नाही. पण फोडी साखर घालून मंद आचेवर ठेवल्या की त्या आकार सोडतात, कडेने फुगतात आणि बघता बघता पांढरट फेसाचा लगदा होतो. गोड सफरचंदाच्या फोडी शिजूनही फोडीच राहतात. आणि सफरचंदाला थंडीच हवी असं म्हणाल, तर बहामाजमधल्या नासाऊसारख्या उकाड्याच्या गावी आयरीन डॉर्सेट यांच्याकडे बियांपासून ‘डॉर्सेट गोल्डन’ झालं. हिमाचलात बिलासपूरच्या सखल, उष्ण भागात हरिमन शर्मा यांच्या घराजवळ फेकलेल्या बियांतून ‘एचआरएमएन-99’ उगवलं. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ते लावलं आहे.

उरला चवीचा मुद्दा. थंड, कमी प्राणवायूच्या गोदामात महिनोन् महिने टिकेल तेच फळ दुकानात येतं. ‘ब्यूटी ऑफ बाथ’सारखं लवकर पिकणारं सफरचंद झाडावरून काढल्यावर थोड्याच दिवसांत पिठूळ होतं, ते झाडाखाली उभं राहूनच खायचं. फळ तळहातात धरून किंचित वर उचलून पिळायचं. देठ सहज सुटला तर तयार, ओढावं लागलं तर आठवडाभर थांबायचं. उशिराची फळं मात्र इंग्लंडात माळ्यावर ठेवत, आपल्या अढीच्या अगदी उलट. आंबे गवतात एकमेकांच्या उबेला रचायचे. सफरचंदं थंड जागी सुटी सुटी, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नको, कारण एक सडलं की शेजारचंही जातं. वास मात्र दोन्हीकडे जिन्यापर्यंत येतो.