उडद्याला ओळखा



ऑक्टोबरची छाटणी उरकली, की आपले सारे लक्ष काडीवरच्या डोळ्याकडे लागते. यंदाचा घड त्या डोळ्यातच दडलेला असतो. पण डोळा फुगण्याची वाट आणखी एक जण पाहत असतो. तो म्हणजे उडद्या भुंगेरा.

काही वर्षांपूर्वी एका गावी बागेचा मालक आणि छाटणीच्या टोळीचा मुकादम यांच्यात चांगलीच जुंपली होती. डोळे फुटले नाहीत, पेस्ट नीट लावली नाही, असे म्हणून मालकांनी मजुरी अडवली होती. मी काडी हाती घेतली. डोळे फुगलेले होते, पण आतून कोरलेले. ओलांड्याखाली पांढरे धोतर धरून वेल हलवली, तर भुंगेरे टपाटप पडले. मजुरी त्याच दिवशी चुकती झाली. खाल्लेले डोळे मात्र गेले ते गेलेच.

म्हणून ओळख पक्की करा. हा भुंगेरा उडदाच्या दाण्याएवढा असतो. अंग घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे चकाकते. पाठीवर सहा काळसर ठिपके असतात. बोट जवळ नेले, की मेल्याचे सोंग घेऊन खाली पडतो. ठिपके पाहून लेडीबर्ड भुंगेऱ्याला मारू नका. तो अर्ध्या वाटाण्यासारखा गोल असतो, आणि पिठ्या ढेकूण खाणारा आपला मित्र आहे.

उडद्याची मादी वेलीच्या सुट्या सालीखाली अंडी घालते. अळ्या जमिनीत उतरून मुळ्यांची साल खातात आणि मातीतच कोष करतात. तेव्हा छाटणीनंतर सुटी साल हाताने काढून जाळा. बुंध्याजवळची माती चाळवा, म्हणजे कोष उघडे पडतील. डोळे फुगू लागल्यापासून पाने येईपर्यंत रोज बागेत फेरी मारा. वेल हलवून भुंगेरे पाटीत पाडा आणि रॉकेल किंवा साबण मिसळलेल्या पाण्यात बुडवा. हे काम घरातली पोरेही हौसेने करतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरही हीच दक्षता घ्या.

एवढ्याने आवरले नाही, तरच औषध फवारा. तेही दुकानदाराच्या सांगण्यावरून नको. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्याच्या शिफारशीत असेल तेच औषध, तेवढ्याच प्रमाणात घ्या. नाहीतर डोळा वाचेल, पण मण्यात औषधाचा अंश राहिला म्हणून माल परत येईल.