टेकडीवरची बालवाडी

मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की डहाणू रोडच्या पुढे घोलवड लागते. तिथे उतरा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. या चिकूला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे त्याचे नाव तुमच्या कानावर असेलच. आपल्याला मात्र चिकूसाठी जायचे नाही. समुद्र मागे टाकून आतल्या बाजूला वळा. वाड्या विरळ होतात, भाताची खाचरे लागतात, कुडाच्या भिंतींचे वारल्यांचे पाडे दिसू लागतात, आणि मग येते कोसबाडची टेकडी.

पूर्वी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. देवदर्शनाला आपण लांबलांब जातो, तसे ज्यांच्या घरी दोन-तीन वर्षांचे मूल आहे त्यांनी एकदा या टेकडीची वाट धरावी. कारण आपल्या गावच्या शाळेला लहान मुलांचा वर्ग कसा जोडावा आणि का जोडावा, याचा धडा इथे गिरवला गेला आहे.

गोष्ट सुरू होते १९४५ साली, जवळच्याच बोर्डी गावात. ताराबाई मोडक तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते, आणि १९२६ साली निघालेल्या नूतन बाल शिक्षण संघाचे कामही त्या पाहत होत्या. शहरातल्या बालमंदिरांचा त्यांना चांगला अनुभव होता. पण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला १९१० साली त्यांचा जन्म झाला. बालवयातच लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य माजघराच्या अंधारातच सरायचे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी या भागातल्या मुलांना दिले.

बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. पण केंद्र उघडले म्हणून मुले येतात असे थोडेच आहे! आई-बाप पहाटेच कामाला गेलेले. मुलाला न्हाऊमाखू घालून, हाताला धरून शाळेपर्यंत आणणार कोण? तेव्हा या दोघींनी उलटा विचार केला. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. वस्तीतले एखादे अंगण झाडून घ्यायचे आणि तिथेच मुले जमवायची. आज गावोगावी आपण ज्या अंगणवाडीचे नाव घेतो, तिचे मूळ या अंगणात आहे.

सामानाचेही तसेच. शहरातल्या बालमंदिरात लागणारी महागडी साधने खेड्यात कुठून आणायची? मग समुद्राचे शिंपले, नदीचे गोटे, चिंचोके, पाने, फुले, काटक्या हीच साधने झाली. लहानमोठे, जडहलके, कमीजास्त हे सारे मूल चिंचोक्यांवर शिकते. पाटी त्यानंतर. आणि पाटीच्याही आधी अंघोळ, नखे, केस. स्वच्छ झालेले मूल हसत खेळायला लागते, हा त्यांचा पहिला पाठ.

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. वारली मुलांची अडचण बोर्डीपेक्षा मोठी होती. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरांमागे रानात. तेवढीच मुलगी घरी, पण तिच्या कडेवर धाकटे भावंड. ती शाळेत आली तर भावंडाला कोणी बघायचे? आणि भावंडाला घेऊन आली तर ते रडणार, वर्ग थांबणार, गुरुजी रागावणार. दुसऱ्या दिवशी ती येणारच नाही.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे जिथे चरतात तिथेच शाळा. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी मात्र याहून मोठा उपाय केला गेला. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. याला त्यांनी नाव दिले विकासवाडी. तान्हे पाळण्यात, तीन वर्षांचे बालवाडीत, आणि ताई आपल्या वर्गात. मधल्या सुट्टीत ताई येऊन भावंडाला बघून जाते. संध्याकाळी तिघे मिळून घरी.

वाचक बंधुभगिनींनो, क्षणभर इथे थांबा. बालवाडी म्हणजे लहानग्यांचे लाड, असे आपल्याला वाटते. कोसबाड सांगते की बालवाडी ही थोरल्या मुलीची शाळा वाचवते. आपल्या गावात भाताच्या लावणीला, कापसाच्या वेचणीला, उसाच्या तोडीला कोणती मुलगी घरी राहते, ते आठवून पाहा. हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते, पण ती का, हे तिथे लिहिलेले नसते. धाकट्याची सोय झाली, की थोरली मोकळी होते. आणि खाचराच्या बांधावर किंवा विहिरीच्या काठाशी मूल ठेवून वाकलेल्या आईच्या जिवाचा घोरही कमी होतो.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्यांनी देह ठेवला. आपल्या कामाची हकीकत त्यांनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. गावच्या वाचनालयात असेल तर जरूर वाचा.

आता आपल्या गावाकडे वळू. शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण बंधनकारक केले. त्याच कायद्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय सरकार करू शकेल, असे कलमही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांची सांगड घालायची. कोसबाडने जे केले, तेच आता धोरणात आले आहे.

पण धोरण कागदावर असते, वर्ग गावात भरतो. शाळेच्या आवारात रिकामी खोली असेल आणि अंगणवाडी भाड्याच्या काळोख्या जागेत भरत असेल, तर ती शाळेत आणावी का, याचा विचार गावानेच करायचा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तेव्हा मायबहिणींनो, बैठकीला जा आणि हा विषय काढा.

विषय काढताना तीन गोष्टी विसरू नका. पहिली अंतराची. तीन वर्षांचे मूल दोन किलोमीटर चालत नाही. शाळेला वर्ग जोडला म्हणून दूरच्या वस्तीवरची अंगणवाडी उठली, तर त्या वस्तीचे नुकसानच. तिथे अंगणच बरे. दुसरी गोष्ट वेळेची. आई शेतावर जाते तेव्हा वर्ग उघडा हवा. ती परतण्याआधीच कुलूप लागले, तर थोरली मुलगी पुन्हा अडकली. तिसरी गोष्ट अभ्यासाची. प्राथमिक शाळेशेजारी वर्ग आला, की बाराखडी आणि पाढे खाली सरकू लागतात. पालकही विचारतात, ‘आमच्या बाळाला अजून लिहिता कसे येत नाही?’ असा आग्रह धरू नका. गाणी, गोष्टी, माती, पाणी, चिंचोके हाच या वयाचा अभ्यास. वाफ्यातले रोप वेळेआधी उपटून लावले तर ते जगत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

खर्च फार नाही. खेळसामान शिवारात पडलेले आहे. अंगण सारवायला हात आहेत. स्वच्छ पाणी, लहान मुलांना वापरता येईल असा संडास आणि मुलांची बोली समजणारी, मायेची बाई, एवढे मिळाले की वर्ग उभा राहतो.

घोलवडहून परतताना चिकूची टोपली घ्याच. पण पाव्हण्यारावळ्यांना चिकू वाटताना टेकडीची गोष्टही सांगा. आणि पुढच्या सोमवारी तुमच्या शाळेत हजेरी होईल तेव्हा एवढेच विचारा, की आज कोणती मुलगी भावंड सांभाळायला घरी राहिली आहे.