तमालेंचा दिवस

२३ डिसेंबर, पुएब्ला, मेक्सिको.

उद्या नोचेबुएना, नाताळची आदली रात्र. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आज पाय ठेवायला जागा नव्हती. जावा, नणंदा, भाचे, पुतणे सगळे तमाले करायला एका टेबलाभोवती. मक्याच्या कणसांची वाळलेली पानं सकाळीच गरम पाण्यात भिजत घातलेली.

पीठ फेटणं सर्वांत कष्टाचं. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, सालं चोळून काढून दळलेला. त्यात डुकराची चरबी घालून दंड भरून येईपर्यंत फेटायचं. छोटी गोळी पाण्यात तरंगली की पीठ झालं. चुन्यामुळे मक्यातलं नियासिन अंगी लागतं. युरोपने इथला मका नेला, ही रीत मात्र नेली नाही; मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्राने, नियासिनच्या अभावाने होणाऱ्या आजाराने, गाठलं. इथल्या बायकांनी हजारो वर्षं जपलेलं हे शहाणपण मला फार थोर वाटतं.

पानावर पीठ पसरायचं, मध्ये मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, आणि कोंबडी, घडी घालून वाफेवर उभं करायचं. कोकणातल्या पानग्या आठवल्या. सासूबाई भांड्याच्या तळाशी एक नाणं टाकतात. ते खुळखुळतंय तोवर पाणी आहे. धाकटी पुतणी तिथेच कान देऊन बसली होती.

विकतचे तमालेही चांगले मिळतात. पण हे काम एकटीने रेटवत नाही, म्हणून तरी घर जमतं, आणि मला तेच हवं असतं. आता ६ जानेवारीला रोस्का, म्हणजे सणाचा गोल गोड पाव, कापायचा. त्यातली बाहुली ज्याच्या वाट्याला येईल, त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले खाऊ घालायचे.